खाणारी तोंडं किती?

एम.ए.ला मध्ययुगीन कुटुंब हा विषय घेतला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी दोन रकाने आखले: पूर्वेकडे एकत्र कुटुंब, पश्चिमेकडे विभक्त. मार्गदर्शक बाईंनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "ही माणसं मोजली कुणी? आणि कशाला?" अख्खं सत्र त्यात गेलं.

मग इटलीतल्या फ्लॉरेन्सचा 1427 चा ‘कातास्तो’, म्हणजे करासाठी केलेली घरोघरची नोंदवही, हाती लागला. शहर आणि त्याच्या ताब्यातला तोस्काना प्रांताचा भाग मिळून सुमारे 60 हजार घरं, 2 लाख 60 हजार माणसं. घरटी चार-साडेचार. ‘विभक्त’चा रकाना जुळला, मी खूश! पण खोलात गेल्यावर दिसलं की बटाईने शेती करणाऱ्यांकडे बाप, लग्न झालेले मुलगे, नातवंडं एकाच चुलीवर. शिवाय नोंद होती ती करासाठी. माणसांना तिथे ‘बोक्के’ म्हणजे तोंडं म्हणत. शहरात दर तोंडामागे 200 फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी) करपात्र मालमत्तेतून वजा होत. आपली ‘खाणारी तोंडं’च ही. वयं मात्र बरीचशी 30, 40, 50 अशी अंदाजाने ठोकलेली. त्यावरून सरासरी वय दशांशापर्यंत काढू नका. मी काढलं होतं.

दुसरीकडे होती मिताक्षरा, कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथावर लिहिलेली टीका, म्हणजे भाष्य. ती माणसं मोजत नाही, हक्क सांगते: वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच वाटा. बंगालच्या जीमूतवाहनाच्या ‘दायभाग’ या ग्रंथात तोच हक्क बाप गेल्यावर. म्हणजे माझा ‘पूर्व’चा रकानाही फाटला. करवही आणि धर्मशास्त्र शेजारी मांडणं म्हणजे रेशनकार्डाची तुलना वारसा कायद्याशी करणं.

शेवटी एकच प्रश्न धरला: नवरा वारला, तर बाईचं काय? फ्लॉरेन्समध्ये नवरी साधारण 18 ची, नवरा तिशीचा, त्यामुळे तरुण विधवा बऱ्याच. माहेरचे तिला हुंड्यासकट परत नेत, दुसरं लग्न लावत. मुलं बापाच्या घराण्यात राहत. मिताक्षरेत स्त्रीधन तिचं. नवरा वाटणी होऊन वेगळा राहिलेला आणि निपुत्रिक असेल, तर त्याची मालमत्ताही तिच्याकडे. आता तुलना जमू लागली. तरी एकीकडे घडलेलं दिसतं, दुसरीकडे घडावं असं. हा फरक दर पानावर लिहावा लागला.

भाषेची भीती बाळगू नका. माझे इटालियनचे पहिले शंभर शब्द नात्यांचे आणि पैशांचे होते. व्याकरण नंतर.