डीप बाईटच्या तारा लावण्याआधी जबड्याची वही करा

वयाच्या 38 व्या वर्षी मी दातांना तारा लावल्या, तेव्हा वर्गातली पोरं म्हणाली, "बाई, तुम्हीपण?" वरचे दात साधारणपणे खालच्या दातांवर 2-3 मिलिमीटर उतरलेले असतात. माझे इतके उतरले होते की खालच्या दातांची टोकं टाळूला टोचायची. असं जास्त उतरणं म्हणजेच डीप बाईट. शिवाय घास चावताना उजव्या कानापुढं, जबड्याच्या सांध्यात, 'टक्' वाजायचं. तारांनी तेही जाईल, असं मीच ठरवून टाकलं होतं. तारा लावणाऱ्या डॉक्टर, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "दात सुधारतील, सांध्याची हमी नाही. तारांनी तो बिघडेलच असं नाही, आणि बरा होईलच असंही नाही."

म्हणून आधी आठवडाभर वही ठेवा. रोज आरशासमोर तोंड उघडा. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांत मावतात का? मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं. हनुवटी एका अंगाला जाते का? आवाज उघडताना येतो की मिटताना? दुखतं का? नुसता आवाज असेल तर फार धास्ती नको. सांध्यातली चकती सरकून परत जागेवर येते, त्याचा तो आवाज. दुखत असेल किंवा जबडा अडकत असेल, तर आधी सांध्याचं बघा, तारा नंतर.

माझ्या वरच्या पुढच्या दातांमागं छोटे निळे ठोकळे चिकटवले. तोंड मिटलं की खालचे दात तिथंच टेकायचे, दाढा अधांतरी. घाबरू नका, दाढांना वर यायला जागा मिळावी म्हणूनच ते असतात. पहिले दहा दिवस गाल आणि कानशिलं ठणकली. ताकात कुस्करलेली भाकरी, मुगाची खिचडी, यावर काढले. ऊस, फुटाणे बंद. संक्रांतीला गोड बोलले, तिळाची वडी मात्र नवऱ्याच्या हातावर ठेवली.

गालावर गरम फडक्याचा शेक द्या. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे. पेपर तपासताना मी दात आवळते, हे मला तेव्हाच कळलं. लाल पेनावर टिकली चिकटवली, ती दिसली की जबडा सैल सोडायचा.

वरच्या-खालच्या तारांना अडकवायचे रबर सांगितले तेवढेच लावा. लवकर उरकावं म्हणून मी दुप्पट लावले आणि तिसऱ्या दिवशी घास तोडवेना. दुखलं तर डॉक्टरांना फोन करा, परस्पर काही बदलू नका. तोंड अडकलं, दोन बोटंही जाईनात किंवा उघडलेलं मिटेना, तर त्याच दिवशी दाखवा.

22 महिन्यांनी तारा निघाल्या. टाळूला टोचणं थांबलं. दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर रोज रात्री घालते, नाहीतर दात परत खाली उतरायला बघतात. 'टक्' आहे तसंच आहे, उजवीकडे, चावताना, न दुखता; वहीच्या पहिल्या पानावरही हेच लिहिलंय.