बालविकासाचे गुण विचित्र येतात? डी-स्कोर काढताना या चुका टाळा

डी-स्कोर म्हणजे मुलाचा विकास एका आकड्यात सांगणारा गुण. तो काढणारे आर या संगणकीय भाषेतले ‘डीस्कोर’ पॅकेज वापरणाऱ्यांची नेहमीची अडचण अशी: कोड सुरळीत चालतो, लाल अक्षरांत एक ओळही येत नाही, पण मुलांचे गुण काही पटत नाहीत. पॅकेजवर संशय घेण्याआधी वयाचा रकाना उघडा.

वय दशांश वर्षांत असेल असे पॅकेज गृहीत धरते. महिने किंवा दिवस देणार असाल तर ‘एक्सयूनिट’ या पर्यायात तसे सांगावे लागते. १८ महिन्यांचे मूल १८ वर्षांचे झाले तर ते निदान लगेच नजरेत भरते. फसवतो तो १.६ सारखा आकडा. फॉर्म भरणाऱ्याने तो ‘१ वर्ष ६ महिने’ म्हणून लिहिलेला असतो, सॉफ्टवेअर मात्र १९ महिने समजते. इथे चूक एका महिन्याचीच आहे. पण १ वर्ष ११ महिन्यांसाठी कोणी १.११ लिहिले की २३ महिन्यांचे मूल १३ महिन्यांचे होते आणि वयाच्या मानाने भलतेच पुढे गेलेले दिसते. १.१० चे तर एक्सेल परस्पर १.१ करून टाकते. मग मूळ वय काय होते हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून वय विचारून लिहूच नका. जन्मतारीख आणि तपासणीची तारीख घ्या, मधले दिवस मोजा, ३६५.२५ ने भागा. मुदतपूर्व जन्मलेल्या मुलांचे दुरुस्त वय (अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजलेले) धरायचे का, हे आधीच ठरवून सगळ्यांना सारखे लावा.

चुकीच्या वयाचा फटका फक्त वयानुरूप झेड-गुणाला (मूल समवयस्कांच्या सरासरीपेक्षा किती पुढे-मागे आहे ते सांगणाऱ्या आकड्याला) बसतो असा समज आहे. तसे नाही. डी-स्कोर काढतानाच पॅकेज त्या वयाच्या मुलाबद्दल एक पूर्वअंदाज धरते आणि उत्तरे पाहून तो सुधारते. चार-पाचच प्रश्न विचारले असतील तर त्या अंदाजाचा प्रभाव जास्त राहतो. म्हणून निकालातले प्रश्नसंख्येचे आणि प्रमाण त्रुटीचे (गुण किती अनिश्चित आहे त्याचे) रकाने पुसून टाकू नका. प्रश्नसंख्या शून्य दिसली तर बहुधा तुमच्या रकान्यांची नावे पॅकेजच्या नऊ अक्षरी संकेतांशी जुळलेली नाहीत; न जुळणारे रकाने ते निमूट सोडून देते.

दुसरी मोठी गल्लत म्हणजे न विचारलेल्या प्रश्नापुढे शून्य भरणे. शून्य म्हणजे ‘जमले नाही’. विचारलेच नसेल तर जागा रिकामी हवी. शेवटच्या अवघड प्रश्नांना शून्य भरल्याने होणारे नुकसान त्या मानाने कमी, कारण ते मूल तिथे बहुधा अडलेच असते. पण मोठ्या मुलाची चाचणी मधूनच सुरू केलेली असते आणि सुरुवातीचे सोपे प्रश्न वगळलेले असतात. तिथे शून्य पडले की धावणाऱ्या मुलाला मान धरता येत नाही असा अर्थ निघतो आणि गुण कोसळतात.

युनिसेफच्या एमआयसीएस या घरोघरच्या सर्वेक्षणाची माहिती वापरताना १ म्हणजे हो, २ म्हणजे नाही आणि ८ म्हणजे माहीत नाही, हे लक्षात असू द्या. डीस्कोरला १ आणि ० लागतात. ८ ची जागा रिकामी करा. शिवाय ‘मूल इतरांना मारते, चावते का’ अशा प्रश्नांत ‘हो’ हे चांगले उत्तर नाही. असे प्रश्न उलटवल्याशिवाय बेरीज करू नका. बालविकास मोजणारी ‘ईसीडीआय २०३०’ ही युनिसेफची २४ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठीची २० प्रश्नांची प्रश्नावली लोकसंख्येचे चित्र पाहण्यासाठी आहे. तिच्यावरून एखाद्या मुलाला ‘मागे पडलेले’ ठरवणे ही सॉफ्टवेअरची चूक म्हणता येणार नाही, ती आपली आहे.

आणि गेल्या वर्षीचे गुण यंदाच्या गुणांशेजारी ठेवण्याआधी दोन्हीकडे कोणती ‘की’ वापरली ते पाहा. प्रश्नांच्या काठिण्यपातळ्या या कीमधून येतात. ‘जीसेड२२१२’ या कीचे गुण ‘जीसेड२४०६’ या कीच्या गुणांशी थेट ताडता येत नाहीत. पॅकेज अद्ययावत केल्यावर आपोआप लागणारी की बदललेली असू शकते. कीचे नाव कोडमध्ये स्वतः लिहा आणि जुनी माहिती त्याच कीने पुन्हा चालवा.