ड्रॉपर म्हणजे नेमके काय आणि तो कसा वापरावा

औषधाच्या बाटलीसोबत मिळणारी, एका टोकाला निमुळती होत गेलेली आणि दुसऱ्या टोकाला रबरी फुगा बसवलेली काचेची किंवा प्लॅस्टिकची लहान नळी म्हणजे ड्रॉपर. बोलताना आपण ‘ड्रॉप’ हा शब्द औषधासाठीही वापरतो (‘डोळ्यांत ड्रॉप घातले का?’) आणि नळीसाठीही वापरतो, त्यामुळे काही वेळा गोंधळ होतो. या लेखात ड्रॉपर म्हणजे ती नळी आणि थेंब म्हणजे तिच्यातून पडणारे औषध, असा फरक पाळला आहे.

फुगा दाबला की नळीतली हवा बाहेर जाते आणि सोडला की आतला दाब कमी होतो. मग बाहेरच्या हवेचा दाब औषधाला नळीत वर ढकलतो. म्हणून फुगा नेहमी नळीचे टोक औषधात बुडवण्यापूर्वी दाबावा, टोक बुडवून तो सावकाश सोडावा आणि औषध हव्या त्या रेषेपर्यंत चढले की ड्रॉपर उभा धरूनच बाहेर काढावा. टोक औषधात बुडवल्यावर फुगा दाबला तर बुडबुडे होतात, आणि बुडबुड्याने अडवलेली जागा औषध म्हणून मोजली जाते. भरलेला ड्रॉपर उलटा किंवा आडवाही धरू नये, कारण औषध फुग्यात शिरते, तिथेच राहते आणि रबरही खराब करते.

नळीवर खुणा असतील तर ती डोळ्यांच्या पातळीवर आणून वाचावी. द्रवाचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला आणि मध्ये खोलगट दिसतो. त्या खोलगट भागाचा तळ ज्या रेषेला टेकतो, ते खरे माप. वरून पाहिले तर आकडा चुकतो, आणि ०.५ मि.ली. सारख्या लहान मात्रेत एवढी चूकही लहान राहत नाही.

या लेखात मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हे, की ‘एक ड्रॉपर’ हे माप नव्हे. एका ड्रॉपरमध्ये १ मि.ली. मावते, दुसऱ्यात त्याहून कमी किंवा जास्त, आणि एकाच आकाराच्या दोन नळ्यांवरच्या खुणाही वेगळ्या असू शकतात. २०१० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तान्ह्या बाळांच्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या थेंबांबद्दल इशारा दिला होता, तो याच कारणाने: बाळाला दिवसाला ४०० आंतरराष्ट्रीय एककांहून (IU) जास्त देऊ नये असे असताना काही बाटल्यांसोबतच्या ड्रॉपरमध्ये त्याहून बरेच अधिक औषध मावत होते, आणि ड्रॉपर भरून देणाऱ्या पालकाला ते कळण्याची सोय नव्हती. तापाच्या औषधाचेही तसेच आहे. पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मि.ली. मध्ये १०० मि.ग्रॅ. औषध असू शकते, तर सिरपमध्ये ५ मि.ली. मध्ये १२० मि.ग्रॅ., म्हणजे थेंब सिरपच्या चौपटीहून तीव्र. त्यामुळे डॉक्टरांनी मात्रा सांगितली की ती मि.ली. मध्ये लिहून घ्यावी, बाटलीवरच्या तीव्रतेशी ताडून पाहावी आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला कधीही लावू नये.

थेंबांची गोष्टही अशीच आहे. साधारण ड्रॉपरने पाण्याचे सुमारे २० थेंब मिळून १ मि.ली. होतात, म्हणजे एक थेंब जवळपास ०.०५ मि.ली.चा. पण हा हिशेब पाण्याचा. मद्यार्कयुक्त औषधाचा थेंब लहान पडतो, शिवाय नळीच्या टोकाची जाडी आणि धरण्याचा कोन यांनीही फरक पडतो. एकदा स्वतः करून पाहावे: ड्रॉपर उभा धरून पाण्याचे वीस थेंब एका कोरड्या वाटीत पाडावेत, ते सुईविना सिरिंजने ओढून मोजावेत, मग तेच ड्रॉपर तिरपा धरून करावे. सिरिंजवरचे दोन आकडे बहुधा जुळत नाहीत. हे डोळ्यांनी पाहिले की ड्रॉपर उभा का धरायचा, ते पुन्हा कुणी सांगावे लागत नाही.

बाळाला तोंडाने औषध देताना त्याला थोडे उठते धरावे, ड्रॉपरचे टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवावे आणि फुगा हलके दाबत, बाळाला गिळायला वेळ देत औषध सोडावे. घशाच्या दिशेने एकदम पिचकारी मारल्यास बाळाला ठसका लागतो. बाटलीच्या तळाशी साका बसला असेल तर आधी ती चांगली हलवावी, नाहीतर सुरुवातीच्या मात्रा पातळ आणि शेवटच्या तीव्र मिळतात.

डोळ्यांत औषध घालताना हात धुवावेत, मान मागे करावी, खालची पापणी बोटाने हळूच ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडावा. डोळ्यात मुळात एका थेंबाहून अधिक मावत नाही; दुसरा गालावर ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दुसरे औषध घालायचे असेल तर किमान पाच मिनिटे थांबावे. ड्रॉपरचे टोक पापणीला, बोटाला किंवा कापडाला लागता कामा नये, कारण तिथला जंतू थेट बाटलीत जातो.

कानात घालण्यापूर्वी बाटली काही मिनिटे मुठीत धरून कोमट करावी, कारण थंड थेंबांनी चक्कर येते. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढावा, तीन वर्षांखालील मुलाचा खाली आणि मागे, आणि थेंब घातल्यावर काही मिनिटे कुशीवर पडून राहावे. पडद्याला छिद्र असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घालू नये.

तोंडात गेलेला ड्रॉपर कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवूनच बाटलीत परत ठेवावा. डोळ्यांच्या आणि कानांच्या औषधाचा ड्रॉपर मात्र धुऊ किंवा पुसू नये, तसाच लावून झाकण घट्ट करावे. डोळ्यांच्या बहुतेक औषधांची बाटली उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते, म्हणून उघडतानाच तारीख तिच्यावर लिहावी. फुग्याला तडा गेला, तो चिकट झाला किंवा नळीवरच्या खुणा पुसट झाल्या, तर औषध विक्रेत्याकडून खुणा असलेली तोंडाने द्यायची सिरिंज मागून घ्यावी आणि पुढची मात्रा तिनेच मोजावी.