दोन कार्डांचा राउटर घेतलाय? मग या चुका टाळा

राउटरात दोन राउटिंग इंजिनं (राउटर चालवणारी, मेंदूसारखी कार्डं; एक मुख्य, दुसरं राखीव) बसवली की काम झालं, असं समजणारी मंडळी मला अजून भेटतात. दोन्ही कार्डांवर हिरवा दिवा आहे, मग बघायचं काय? मीही एकदा असाच निवांत होतो.

पावसाळ्यातली रात्र, सव्वादोन वाजलेले. आमच्या जुनिपर कंपनीच्या राउटरचं मुख्य कार्ड गोठलं. दुसऱ्या कार्डानं ताबा घेतला, पण पाच मिनिटांनी. राजारामपुरीतून गाडी काढेपर्यंत ग्राहकांच्या निम्म्या इंटरनेट लाइन परत आल्या होत्या, निम्म्या येईनात. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीतून फोन आला, "साहेब, ट्रक भरून गेटला उभा हाय, ई-वे बिल निघंना."

दुसऱ्या कार्डावर सात महिन्यांपूर्वीचं कॉन्फिग (सेटिंग) होतं. त्यानंतर दिलेल्या लाइनी त्या कार्डाच्या गावीच नव्हत्या. कारण काय, तर आमची पोरं (आणि खरं सांगायचं तर मीही) घाईत नुसतं 'कमिट' (बदल लागू करायची कमांड) मारायची. नुसतं कमिट त्याच कार्डापुरतं असतं. 'सेट सिस्टम कमिट सिंक्रोनाइझ' ही ओळ एकदा घातली की साधं कमिटही दोन्हीकडे जातं. ती घातलेली असली तरी मी दरवेळी 'कमिट सिंक्रोनाइझ' पूर्ण टाइप करतो. हाताला वळण राहतं.

आणि ती पाच मिनिटं? ग्रेस (जीआरईएस, म्हणजे वाहतूक न थांबवता कार्ड बदलायची सोय) चालू नसेल तर मुख्य कार्डाचा श्वास, म्हणजे 'मी जिवंत आहे' हा संदेश, थांबल्यावर दुसरं कार्ड ३०० सेकंद वाट बघतं, तेही फेलओव्हर (आपोआप ताबा घेणं) सांगून ठेवलेलं असेल तरच. ग्रेस असेल तर २ सेकंद. पण एकट्या ग्रेसनं पॅकेट वाहत राहतात, बीजीपीचे शेजारी (आपल्याशी रस्त्यांची माहिती वाटून घेणारे दुसरे राउटर) तुटायचे ते तुटतातच. त्यासाठी जोडीला नॉनस्टॉप राउटिंग (ही माहिती दुसऱ्या कार्डावरही तयार ठेवणारी सोय) लागतं. दोन्ही कार्डांवर जुनॉसची (जुनिपरच्या राउटरच्या सॉफ्टवेअरची) आवृत्तीही एकच हवी.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: "पिंग येतंय की, सर." अरे बाबा, पिंगला ('आहेस का?' या हाकेला) उत्तर देतं ते मुख्य कार्ड. दुसरं कार्ड महिनाभर मरून पडलं तरी पिंग हसतमुखानं येणार. ट्रॅपवरही (बिघाड झाला की राउटर स्वतःहून पाठवतो त्या इशाऱ्यावरही) विसंबू नका. ट्रॅप यूडीपीवरून जातो, वाटेत हरवला तर पोच मागणारं कुणी नसतं. एसएनएमपीनं (उपकरणांची तब्येत विचारायच्या पद्धतीनं) दर पाच मिनिटांनी दोन्ही कार्डांची अवस्था, तापमान आणि पंखे विचारून घ्या. शिवाय मी रोज सकाळी चहाआधी 'शो चॅसिस राउटिंग-इंजिन' आणि 'शो चॅसिस अलार्म्स' स्वतः बघतो. त्यात दुसऱ्या कार्डाचा अपटाइम (न थांबता चालू असलेला वेळ) कालच्यापेक्षा कमी दिसला, तर रात्री ते गुपचूप रिबूट झालंय.

दोन्ही पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर लावू नका. एवढं सांगावं लागतं, याचंच नवल वाटतं.

व्हीआरआरपी (एक राउटर पडला तर दुसऱ्या राउटरनं त्याची जागा घ्यायची सोय) लावलंत तर अपलिंकचं (बाहेर जाणाऱ्या लाइनचं) ट्रॅकिंगही लावा. नाहीतर बाहेरची फायबर जेसीबीनं तोडली तरी आतली बाजू जिवंत म्हणून राउटर मास्टरच राहतो आणि सगळा ट्रॅफिक खड्ड्यात.

राहिली चाचणी. तीन महिन्यांतून एकदा, पहाटे चारला, ग्राहकांना आधी कळवून मी हातानं कार्ड बदलतो: 'रिक्वेस्ट चॅसिस राउटिंग-इंजिन मास्टर स्विच'. नवीन पोरं विचारतात, "चालू गाडीला हात कशाला लावायचा?" त्यांना कन्सोल केबल (राउटरला थेट जोडायची) देतो आणि शेजारी बसवतो.