आंतरराष्ट्रीय कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू होईल, हे कसे ओळखावे

दोन देशांतील पक्षांमध्ये वाद उद्भवला, की प्रथम दोन प्रश्न वेगळे करावेत : खटला कोणत्या न्यायालयात चालणार, आणि ते न्यायालय कोणत्या देशाचा कायदा लावणार. ‘वाद लंडनच्या न्यायालयात चालतील’ एवढ्याच शब्दांनी इंग्लंडचा कायदा आपोआप लागू होत नाही. पक्षांच्या मनात तोच कायदा होता, याचा तो फार तर पुरावा ठरतो. कायदा निवडण्याचे नियम ज्या त्या न्यायालयाचे स्वतःचे असतात, म्हणून न्यायालय आधी निश्चित करावे.

मग करारातील कायदा-निवडीचे कलम पाहावे. ते स्पष्ट असेल, तर बहुतेक न्यायालये त्याचा मान राखतात. निवड प्रामाणिक व कायदेशीर असावी आणि सार्वजनिक धोरणाच्या आड येऊ नये. निवडलेल्या देशाशी व्यवहाराचा संबंध असलाच पाहिजे असे नाही, अशी भूमिका प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील, ब्रिटिश साम्राज्यातील देशांची अपिले ऐकणाऱ्या न्यायसंस्थेने) १९३९ मध्ये विटा फूड खटल्यात घेतली.

कलम नसेल, तर खरी कसोटी लागते. युरोपीय संघातील (डेन्मार्क वगळता) न्यायालये, कराराला कोणता कायदा लावायचा हे ठरवणाऱ्या संघाच्या २००८ च्या ‘रोम-१’ नियमांनुसार, मालविक्रीत विक्रेत्याच्या आणि सेवाकरारात सेवा देणाऱ्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशाचा कायदा लावतात. मात्र करार दुसऱ्याच देशाशी उघडपणे अधिक निगडित असेल, तर तिकडचा. इंग्लंडबाहेरील, भारतासारख्या इंग्लिश परंपरेतील देशांची न्यायालये करार कुठे झाला, कुठे पार पाडायचा, चलन व भाषा कोणती, हे सारे तोलून सर्वांत निकटचा संबंध शोधतात.

कायदा-निवडीचे कलम लिहिताना एक चूक वारंवार होते, आणि ती महागात पडते. जर्मन कारखानदाराने ब्राझीलमधील कंपनीला यंत्र विकले आणि करारात ‘जर्मन कायदा लागू’ एवढेच लिहिले, तर जर्मनीचा देशांतर्गत विक्री कायदा नव्हे, तर आंतरराष्ट्रीय मालविक्रीविषयीचा देशादेशांमधला १९८० चा व्हिएन्ना करारच लागू होतो, कारण दोन्ही देश त्याचे सदस्य असून तो जर्मन कायद्याचाच भाग आहे. तो नको असेल, तर स्पष्ट शब्दांत वगळावा.

ग्राहक आणि कामगार यांना मिळालेले सक्तीचे संरक्षण मात्र कोणत्याही निवडीने हिरावता येत नाही, असे ‘रोम-१’ सांगते.

शेवटी पुराव्याची तयारी करावी. इंग्लिश न्यायालयात परकीय कायदा ही वस्तुस्थिती मानली जाते व ती तज्ज्ञांच्या साक्षीने सिद्ध करावी लागते. जर्मन न्यायाधीश तो स्वतःहून शोधू शकतो. म्हणून इंग्लंडमध्ये दावा लावण्यापूर्वीच, ज्या परकीय देशाचा कायदा लागू होणार त्या देशाच्या कायदेतज्ज्ञाचे लेखी मत हाती घ्यावे.