राज्यसभेचा कोटा बडोद्यात बसून कसा काढाल
दांडिया बाजारातल्या गप्पांत ‘राज्यसभेवर निवडून यायला किती आमदार लागतील?’ हा प्रश्न निघाला की आधी कागद घ्या. गुजरातच्या ११ जागा एकाच वेळी रिकाम्या होत नाहीत. मुदत ६ वर्षांची, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. म्हणून आत्ता किती जागा भरायच्या आहेत, ते आधी बघा.

कोटा म्हणजे निवडून यायला लागणारं किमान मतमूल्य; प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात. म्हणून वैध मतांना १०० ने गुणा, जागा अधिक एकने भागा, अपूर्णांक सोडा आणि १ मिळवा. गुजरातच्या सर्व १८२ आमदारांची मतं, ३ जागा: १८,२०० भागिले ४, म्हणजे ४,५५०; कोटा ४,५५१. म्हणजे पहिल्या पसंतीची ४६ मतं.

चूक होते ती ‘वैध’ शब्दापाशी. पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका स्वपक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीलाच दाखवायची. दुसऱ्याला दाखवली की मत बाद. २०१७ मध्ये गुजरातेत अशी दोन मतं बाद झाली, १७६ ची १७४ उरली, गरज ४५ वरून ४४ वर आली आणि काँग्रेसचे अहमद पटेल नेमक्या ४४ मतांनी निवडून आले. म्हणून निकालाआधी मांडलेलं गणित पेन्सिलीनेच लिहा.