कडधान्याला शेणखत आणि रासायनिक खत एकत्र देताना या चुका टाळा

हरभरा महिन्याचा झाला आणि पिवळट दिसू लागला, की हात आधी युरियाच्या गोणीकडे जातो. जरा थांबा. खुरप्याने एक झाड मातीसकट उकरा. उपटू नका, उपटले की मुळांवरच्या गाठी तुटून जमिनीतच राहतात. मुळे पाण्यात हलकेच धुवा आणि चार-दोन गाठी नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी असतील तर त्या हवेतला नत्र (नायट्रोजन) बांधताहेत. पांढऱ्या, हिरवट निघाल्या किंवा गाठीच नसल्या, तर दुखणे तिथे आहे.

बहुतेक वेळा ते बीजप्रक्रियेपासूनच, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध आणि जिवाणू लावतानाच, सुरू झालेले असते. बुरशीनाशक आधी, रायझोबियम (गाठींत नत्र बांधणारे जिवाणू) आणि पीएसबी (जमिनीतले स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, विरघळवणारे जिवाणू) सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नका. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. जिवाणू लावलेले बियाणे खतात मिसळून पेरणे ही तर मोठीच चूक. खतातल्या क्षारांनी जिवाणू मरतात. खत बियाण्याच्या खाली किंवा बाजूला, दोन-तीन बोटे अंतरावर पडू द्या.

नत्र जास्त झाला तरी गाठी धरत नाहीत. पिकाला आयता मिळाला की ते जिवाणूंना पोसत नाही. पाला माजतो, घाटे कमी लागतात. सुरुवातीला एकरी ८ ते १० किलो नत्र पुरे.

कच्चे शेणखत टाकू नका. ते कुजवताना जमिनीतले जिवाणू पिकाच्या वाट्याचा नत्र खातात, शिवाय हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तणाचे बी शेतात येते. मुठीत धरल्यावर भुसभुशीत लागले, गरम नसले, शेणाचा वास गेला असला, तरच ते तयार. एकरी दोन टन, पेरणीआधी दोन-तीन आठवडे.

मात्र शेणखत टाकले म्हणून स्फुरद सोडू नका. दोन टनांतून जेमतेम चार-पाच किलो स्फुरद मिळते, तेही सावकाश. हरभऱ्याला एकरी साधारण २० किलो लागते. माझी पसंती सिंगल सुपर फॉस्फेटला: १२५ किलोंतून २० किलो स्फुरद येते आणि वर गंधकही मिळते, जे डीएपी या दुसऱ्या स्फुरदाच्या खतात नसते. सोबत २० किलो युरिया दिला की सुरुवातीचा नत्र भागतो. माती परीक्षण केले असेल तर अर्थात त्याप्रमाणे द्या.

गाठी गुलाबी असूनही पिवळेपणा आहे? पाने बघा. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडते आहे. चुनखडीच्या जमिनीत हे हमखास दिसते. तिथे युरिया नको, फेरस सल्फेटची अर्धा टक्का फवारणी करा. आणि शेतात पाणी साचले असेल तर आधी चर काढा.